पडत्या बाजूला हँडल

सायकल एकदा आली की माणूस ती विसरत नाही, असं आपण सगळेच म्हणतो. पण पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा सीटवर बसणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो. पहिल्या दहा-बारा फुटांतच हँडल लटपटतं, पाय खाली टेकतो, छातीत धडधडतं. सायकल भिंतीला लावून तो म्हणतो, “गेलं आता ते. वय झालं.” मग लोक म्हणतात ते खोटं का? खोटं नाही. शरीर काही विसरलेलं नसतं. मधल्या वर्षांत मनाने मात्र एक गैरसमज पक्का केलेला असतो, की तोल सांभाळणं म्हणजे न हलणं. सायकलीवर याच्या उलट घडतं. तिथे माणूस क्षणोक्षणी थोडा पडत असतो, आणि ज्या बाजूला पडतो आहे त्याच बाजूला हँडल वळवून ते पडणं सावरत असतो. त्यालाच आपण तोल म्हणतो. ही एकच गोष्ट सावकाश उलगडून पाहू. सीट किती उंच असावी, नजर कुठे असावी, वेग किती हवा, भीती कशी ओसरते, या सगळ्याची उत्तरं तिच्यातच आहेत.

आमच्या नवी मुंबईतल्या तळोज्यात हा विषय हल्ली बराच निघतो, आणि त्याला कारणही आहे. सिडकोच्या वसाहतीत, फेज १ आणि फेज २ मध्ये, राहायला आलेल्यांत पन्नाशी ओलांडलेली अशी अनेक माणसं आहेत, ज्यांनी गावाकडे तासाच्या भाड्याने सायकल आणून, आधी कैची मारत, मग दांडीवर, मग सीटवर, असं सगळं रीतसर शिकून घेतलेलं आहे. पुढे नोकरी लागली, लोकल आली, स्कूटर आली आणि सायकल सुटली. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. ११ स्थानकं आणि सुमारे ११ किलोमीटरचा मार्ग. पेठाली-तळोजा आणि पेंधर ही स्थानकं आता जवळ आली, पण जवळ म्हणजे अनेकांच्या घरापासून दोन-अडीच किलोमीटर. पायी गेलं तर सकाळीच घामाघूम व्हायचं, आणि रिक्षाला रोज पैसे मोजायचे. हे अंतर सायकलीचंच. म्हणून मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली त्याची गिअरवाली सायकल आई नाहीतर बाबा पुसायला घेतात. हवा भरतात, मांड टाकतात, आणि दहा-बारा फुटांवर पाय टेकतात.

त्या दहा-बारा फुटांत काय होतं ते बघू. तळहातावर एक काठी उभी धरा. हात स्थिर ठेवलात तर काठी पडणारच. ती जिकडे कलते तिकडे हात सरकवलात, तर बुडखा पुन्हा शेंड्याच्या खाली येतो आणि काठी उभी राहते. सायकलीचं तसंच आहे. सायकल उजवीकडे कलली की हँडल किंचित उजवीकडे वळतं, चाकं उजवीकडे सरकतात आणि शरीराच्या वजनाखाली येऊन उभी राहतात. तोवर ती गरजेपेक्षा थोडी जास्त सरकलेली असतात, म्हणून आता कल डावीकडे जातो आणि हँडलही डावीकडे. पावसाची सर येऊन गेल्यावर डबक्यातून बाहेर पडलेल्या सायकलीचा ओला माग पाहा. कितीही मुरलेला स्वार असो, माग सरळ नसतो. पुढच्या चाकाची रेघ मागच्या चाकाच्या रेघेला एकदा इकडून, एकदा तिकडून छेदत पुढे जाते. लटपट सगळ्यांचीच होते. सवय असलेल्याची बारीक असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

चाकं गरगर फिरतात आणि त्या फिरण्यामुळेच भोवऱ्यासारखी सायकल उभी राहते, असं आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेलं असतं. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने हे तपासून पाहिलं. त्याने सायकलीच्या पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारं आणखी एक चाक बसवलं. भोवऱ्याचा परिणाम त्यामुळे पुसला गेला, तरी सायकल चालवता आली. १९७० मध्ये त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये डेल्फ्ट, कॉर्नेल आणि आणखी काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका खास घडवलेल्या छोट्या सायकलीची हकिगत मांडली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम उरलेला नव्हता, आणि पुढच्या चाकाची जी ठेवण नेहमी सायकलीला सावरते असं मानतात तीही नव्हती. तरी ढकलून सोडल्यावर ती स्वारावाचून तोल सांभाळत गेली. तिची वजनंच अशी बसवली होती, की ती कलली की पुढचं चाक आपसूक त्या बाजूला वळायचं. थोडक्यात, घडण कशीही असो, पडत्या बाजूला वळणं काही चुकत नाही.

आता बऱ्याच वर्षांनी परतलेला माणूस काय करतो ते पाहा. पहिला कल जाणवताच तो हँडल करकचून आवळतो. कोपरं ताठ होतात, खांदे कानांपर्यंत चढतात. ज्या हँडलने वळायचं तेच त्याने बांधून टाकलेलं असतं. शिवाय भीतीपोटी तो वेगही कमी करतो. वेग कमी झाला की तेवढाच कल सावरायला हँडल कितीतरी जास्त वळवावं लागतं, आणि तेही झटपट. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलची शर्यत असायची, आठवते? पाय न टेकता सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकायचा, आणि चांगली चांगली मुलं अर्ध्या मैदानात पाय टेकायची. तीच शर्यत हा बिचारा पहिल्याच दिवशी, नकळत, खेळायला उतरलेला असतो. हँडल आवळणं आणि हळू जाणं या दोन्ही गोष्टी तो सावधपणा म्हणून करतो, आणि त्याच त्याला पाडायला बघतात.

मग शरीराने जपलेलं ते ज्ञान गेलं कुठे? कुठेच नाही. मेंदू सगळ्या आठवणी एका जागी ठेवत नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन यांच्या मेंदूचा काही भाग अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत काढावा लागला, आणि त्यानंतर नवी कुठलीच घटना त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला देत. आदल्या दिवशी आपण हे केलं होतं याची त्यांना आठवणही नसायची, पण हात मात्र दिवसागणिक सफाईने फिरायचा. घडलेल्या गोष्टींची आठवण एकीकडे आणि अंगात मुरलेलं कसब दुसरीकडे, हे त्यातून स्पष्ट झालं. सायकल त्या दुसऱ्या ठिकाणी असते. म्हणून शिकवणाऱ्याचं नाव विसरलं, ते मैदान विसरलं, तरी सायकल राहते.

ती परत कशी येते, हे डेस्टिन सँडलिन या अमेरिकन अभियंत्याच्या प्रयोगात चांगलं दिसतं. २०१५ मध्ये त्याने लोकांपुढे मांडलेल्या सायकलीचं हँडल उजवीकडे वळवलं की चाक डावीकडे वळायचं. रोज थोडा थोडा सराव करून ती जमायला त्याला आठ महिने लागले. त्यानंतर साधी सायकल हातात घेतली, तर तीच चालवता येईना. वीसेक मिनिटं तो लोकांदेखत धडपडत राहिला, आणि अचानक जुनी सवय जागी झाली. तिथून पुढे साधी सायकल सरळ चालू लागली. परतणाऱ्याने यातून एवढं मनाशी धरावं, की कसब रोज चिमूटभर परत येईल अशी अपेक्षा ठेवू नये. बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग ते एकदम येतं. बहुतेक जण त्याच्या आधीच सायकल भिंतीला लावून मोकळे होतात.

कसब जुनं असलं, तरी अंग आता तेच राहिलेलं नसतं, हेही खरं. तोलाची बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, सांधे-स्नायू, आणि कानाच्या आतल्या, प्रत्येक कानात तीन अशा अर्धवर्तुळाकार नळ्या. वयाबरोबर या तिन्हींचा वेग मंदावतो. वजन वाढलेलं असतं, मान पूर्वीइतकी वळत नाही, टांग टाकताना कंबर धरते. सायकलही बदललेली असते. जुन्या काळ्या सायकलीवर ताठ बसायची सवय, आणि ही गिअरवाली अंगाला पुढे झुकवते. म्हणून हँडल किती आणि कधी वळवायचं याचं अंगातलं जुनं माप थोडं जुळवून घ्यावं लागतं, आणि ते चालवता चालवताच जुळतं. मात्र उठता-बसता भोवळ येत असेल, किंवा रक्तदाबाच्या नव्या गोळ्यांनी गरगरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि मगच सायकल काढावी.

आता प्रत्यक्ष सरावाकडे येऊ. फेज २ मधल्या एका रुंद, मोकळ्या रस्त्यावर शेजारचे एक काका सायकल घेऊन उभे होते. कंपनीतून निवृत्त झालेले. तरुणपणी पाळीला रोज सायकलने जायचे. मी म्हटलं, “काका, आज पायडल काढून ठेवू या.”

“अरे, पायडल काढल्यावर चालवू काय?”

“चालवायची नाही. सीट खाली घेतो. बसायचं आणि नुसतं पायांनी ढकलत जायचं.”

शेजारी उभ्या असलेल्या काकू हसल्या, पण काका तयार झाले. पायडल काढायला १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते आणखी घट्ट बसतं. सीट इतकी खाली घेतली, की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. काका निघाले. सुरुवातीला चपलांचा आवाज भरभर येत होता, जणू ते सायकल मांडीखाली धरून चालतच होते. थोड्या वेळाने दोन आवाजांमध्ये फट पडू लागली. एक पाऊल, मग जरा शांतता, मग दुसरं. शांतता लांबत गेली. पाहता पाहता काकांनी दोन्ही पाय उचलले आणि सायकल दोन-तीन गाळ्यांची लांबी ओलांडेपर्यंत नुसती वाहत गेली. त्यांचे खांदे खाली आले होते आणि कोपरं वाकली होती. त्यांना कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

हे का घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. भीती पडण्याची होती, आणि पाय जमिनीजवळ आहेत याची खात्री पटताच ती निवली. भीती निवली म्हणून हात सुटले. हात सुटले म्हणून हँडल मोकळं झालं, आणि मोकळं हँडल आपलं काम जाणतंच. यात नवीन असं काहीच नाही. सायकलीचा पूर्वज अशाच रूपात जन्मला. जर्मनीतल्या मानहाइम शहरात १८१७ च्या जून महिन्यात कार्ल फॉन ड्राइस यांनी जे दोन चाकांचं लाकडी वाहन चालवून दाखवलं, त्याला पायडल नव्हतंच. पायांनी जमीन रेटत जायचं. माणूस दोन चाकांवर तोल सांभाळायला आधी शिकला, आणि पायडल त्यानंतर काही दशकांनी आलं. परतणाऱ्यानेही तोच क्रम धरावा. पाय उचलून वाहत जाणं सहज जमू लागलं, की अगदी हलक्या उतारावर तेच करावं. मग पायडल लावावं. मग रोज थोडी थोडी सीट वर घ्यावी. टाच पायडलवर ठेवल्यावर तळाशी पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी. खालची सीट कायम ठेवू नये. गुडघे दुखतात, आणि जमिनीचा आधार शोधायची सवय लागते.

नजरेचंही असंच. घाबरलेला माणूस पुढच्या चाकाकडे पाहतो. चाकाजवळची जमीन इतक्या वेगाने मागे पळते, की कल जाणवेपर्यंत तो वाढलेला असतो आणि मग हँडलला झटका द्यावा लागतो. नजर वीस-पंचवीस पावलं पुढे ठेवली, की क्षितिजाशी ताडून कल लवकर कळतो आणि बारीक वळण पुरतं. खड्ड्याचा अनुभव तर सगळ्यांना आहे: चुकवायचा म्हणून टक लावून पाहावं आणि नेमकं त्यातच चाक जावं. जिथे पाहतो तिथे हात नेतात. म्हणून खड्डा दिसला, की त्याच्या शेजारचा चांगला रस्ता पाहावा.

हे सगळं एका माणसात एकत्र बघायचं असेल, तर पाळी सुटायच्या वेळी एमआयडीसीच्या रस्त्याला उभं राहावं. हँडलला डबा अडकवलेला एखादा कामगार काळ्या सायकलीवरून येतो. हात हँडलवर नुसते ठेवलेले असतात. बोटं जेमतेम ब्रेकवर, नजर लांब वळणावर. डबा डावी-उजवीकडे झुलत असतो, हँडल त्याच्या जोडीने बारीक हलत असतं आणि त्याचं तिकडे लक्षही नसतं. ते हलणं त्याने थांबवायला घेतलं असतं, तर तो पडला असता.

चालणं आलं, आता थांबणं. ज्याला हवं तेव्हा थांबता येतं, तोच धिटाईने पुढे जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून थांबण्याचा सराव वेगळा करावा: दोन्ही ब्रेक एकत्र, हलकेच; वेग मरताना सायकल किंचित डावीकडे कलवायची आणि डावा पाय टेकायचा. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या सायकलीचे ब्रेकचे रबर कडक झालेले असतात आणि टायर तडकलेले असतात. दुकानात नेऊन ते आधी बदलून घ्यावेत. आपल्याकडे साधारणपणे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण प्रत्येक नव्या सायकलीवर खात्री करून घ्यावी. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक हलकं होतं.

मोठ्या रस्त्याआधी आणखी एक गोष्ट यायलाच हवी: सरळ जाता जाता मागे वळून पाहणं. बघायला सोपं, करायला अवघड. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हात, आणि सायकल उजवीकडे सरकते. नेमकी मागून गाडी येत असते त्याच बाजूला. यावर उपाय पुन्हा तोच: उजवा हात सैल सोडायचा, हनुवटी खांद्यावर टेकवायची आणि हँडलला त्याचं त्याचं काम करू द्यायचं. मोकळ्या रस्त्यावर पांढऱ्या पट्टीच्या कडेने जात हे साधावं. मग एक हात सोडून इशारा करणं. ही दोन्ही येईपर्यंत तळोज्याच्या माणसाने मुंब्रा-पनवेल महामार्गापासून दूरच राहावं. तिथे कंटेनर आणि टँकर सतत चालू असतात, आणि ट्रकच्या डाव्या अंगाला असलेला सायकलस्वार चालकाला अनेकदा दिसतच नाही. वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसणं तर कायमचं वर्ज्य. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, लोखंडी झाकणं आणि रंगवलेले पट्टे निसरडे होतात. अशा जागी वळायचं नाही, ब्रेकही मारायचा नाही; सरळ वाहत जायचं. आणि कुठेही साचलेल्या पाण्याचा तळ दिसत नसेल, तर उतरून सायकल हातात धरावी.

आता आत्मविश्वासाचं बघू. आपण धरून चालतो, की आधी आत्मविश्वास यावा, मग सायकलीवर बसावं. पण सायकलीवर तो असा आधी येऊच शकत नाही. आपण पडणारच नाही ही खात्री म्हणजे आत्मविश्वास, असं मानलं तर सायकल ती खात्री कधीच देणार नाही, कारण ती सतत पडतच असते. सायकल जी खात्री देते ती अशी, की कललो तर सावरता येतं. ही खात्री सावरल्यावाचून मिळत नाही. राइट बंधूंना हे चांगलं ठाऊक होतं. ओहायोतल्या डेटन शहरात त्यांचं सायकलींचं दुकान होतं. त्या काळचे बरेच संशोधक हवेत आपोआप स्थिर राहील असं विमान शोधत होते. सायकली बनवणाऱ्या या दोघांनी मात्र गृहीत धरलं, की यंत्र डळमळलं तरी चालेल, चालकाला ते सावरता आलं पाहिजे. १७ डिसेंबर १९०३ ला ते उडाले. डळमळण्याची भीती नसलेली माणसं ती.

आणि शेवटची पायरी: एखादं काम काढून बाहेर पडावं. आठवडा-दोन आठवडे नुसता सराव झाला, की सराव म्हणून सायकल काढणं बंद करावं आणि कामासाठी काढावी. सकाळी भाजी आणायची, औषधं आणायची, पेंधरला सायकल लावून बेलापूरची मेट्रो पकडायची. सरावात सगळं लक्ष हँडलवर असतं, आणि जाणतं मन हँडलमध्ये जितकं डोकावतं तितका हात अडखळतो. कामाला निघालेल्या माणसाचं लक्ष कामात असतं, आणि मग तोल त्याच्या मूळच्या ठिकाणी, अंगात मुरलेल्या कसबाकडे, परत जातो. भाजी घेऊन घरी आल्यावर कोथिंबीर राहिली हे आठवेल, येताना सायकल कशी चालली ते आठवणारही नाही. तेव्हा समजावं, की सायकल परत आली. मग सायकल पुन्हा काढावी आणि कोथिंबीर घेऊन यावी.